हवा खायला
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी फोन करून मला विषय दिला होता, 'अमेरिकेतील माझे अनुभव'. मी म्हटलं, वीस वर्षांचे अनुभव वीस मिनिटांत सांगायला लागले तर बाई पूर्वीसारख्या "विषयाला धरून बोल" म्हणतील. म्हणून मी एकाच जागेबद्दल बोलणार आहे. आमच्या पहिल्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर एक लहान विमानतळ आहे, त्याची ही गोष्ट.

कराडच्या मुलीला विमानतळाचं वेड का, हे इथे कुणाला सांगायला नको. रविवारी सायकली काढून आपण वारुंजीला जायचो. कोयना धरणाच्या कामासाठी पन्नासच्या दशकात बांधलेली ती धावपट्टी. विमान महिनोनमहिने यायचं नाही. आलं तर एखाद्या मंत्र्यांचं, आणि तेही आपण घरी परतल्यावर. तरीसुद्धा आपण जायचो. मोकळं रान, वारा आणि लांबच लांब काळी पट्टी. आज आपल्यात दोघं हवाई दलातून निवृत्त झालेले बसलेत, त्यांचं बी तिथेच पेरलं गेलं असं मी धरून चालते.

त्याच काळातली दुसरी आठवण विज्ञानाच्या तासाची. सरांनी एकाच्या हातातली पेन्सिल घेतली आणि विचारलं, "हिला काय म्हणतात?" आपण सगळे एका सुरात, "शिसपेन्सिल!" सर म्हणाले, "हिच्यात शिसं किती?" आपण आपले अंदाज ठोकले. सरांनी सांगितलं, "काहीच नाही. हे ग्रॅफाइट आहे. नावावर जाऊ नका, आत काय आहे ते बघा." सर, तुम्हाला कदाचित आठवत नसेल. मला हे वाक्य फार उशिरा, आणि जरा महागात कळलं.

आता तुम्हाला कॅलिफोर्नियात नेते. सॅन होजे शहराच्या पूर्व भागात रीड-हिलव्ह्यू नावाचा विमानतळ आहे. बॉब आणि सेसिल रीड या दोन भावांनी तो 1939 मध्ये सुरू केला. तेव्हा भोवताली शेती आणि फळबागा होत्या. 1961 मध्ये सांता क्लारा काउंटीने तो विकत घेतला. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. तिचा कारभार निवडून आलेलं पाच जणांचं मंडळ बघतं. तेव्हा आपल्या भाषेत सांगायचं तर हा जिल्हा परिषदेच्या मालकीचा विमानतळ. प्रवासी विमानं इथे येत नाहीत, ती शहराच्या मोठ्या विमानतळावर उतरतात. इथे एका इंजिनाची, दोन-चार माणसांची विमानं येतात. मोठ्यावरची लहान विमानांची गर्दी कमी करणं हे याचं काम.

या विमानतळाचं कुंपण म्हणजे साधी तारेची जाळी, आणि जाळीला नाक लावलं की सगळं दिसतं. दोन समांतर धावपट्ट्या, प्रत्येकी साधारण 3,100 फूट. त्यांच्या एका टोकाला 13 लिहिलेलं आणि दुसऱ्या टोकाला 31. माझ्या मुलाने चौथीत असताना मला विचारलं, हे आकडे कसले? होकायंत्रावरच्या अंशांतला शेवटचा आकडा काढून टाकायचा. 310 अंशांकडे तोंड असेल तर 31, उलट बाजूने आलं तर 130 अंश, म्हणून 13. जगातल्या कुठल्याही धावपट्टीच्या दोन टोकांच्या आकड्यांत 18 चाच फरक असतो. हे कळल्यावर मला एखादं अवघड गणित सुटल्याचा आनंद झाला होता.

धावपट्टीच्या बाजूला नियंत्रण मनोरा. पत्र्याच्या गोदामांसारखे हँगर. ज्यांना हँगर मिळत नाही वा परवडत नाही, त्यांची विमानं उघड्यावर, दोन पंख आणि शेपूट अशी तीन ठिकाणी साखळीने जमिनीला बांधलेली. खुंट्याला जनावर बांधावं तशी. उडायला शिकवणाऱ्या शाळा, दुरुस्तीचे कारखाने, इंधनाचा पंप. सॅन होजे स्टेट विद्यापीठाचा विमानविद्येचा अभ्यासक्रमही इथेच चालतो. आणि वाऱ्यात फुगलेली नारंगी कापडी नळी, विंडसॉक. तिचं उघडं तोंड वारा येतो तिकडे आणि शेपूट वारा जातो तिकडे. वैमानिक उतरण्याआधी तिच्याकडे बघतो, कारण विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरवायचं असतं.

माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी एक गंमत सांगते. अशा विमानतळांवर वारा, दृश्यता, हवेचा दाब यांची ध्वनिमुद्रित माहिती रेडिओवर सतत चालू असते. ती नवी झाली की तिला पुढचं इंग्रजी अक्षर मिळतं. वैमानिक मनोऱ्याशी पहिल्यांदा बोलताना ते अक्षर सांगतो, म्हणजे त्याच्याकडे ताजी माहिती आहे की जुनी, हे एका शब्दात कळतं. आम्ही ज्यासाठी मोठाल्या बैठका घेतो, ते या लोकांनी एका अक्षरात सोडवलेलं. आणि मध्यरात्री, मनोरा बंद असताना, येणारा वैमानिक रेडिओचं बटण ठरावीक वेळा दाबतो आणि खाली अंधारात धावपट्टीचे दिवे लागतात. हे मला अजूनही जादूसारखं वाटतं.

अशा जागेचा उपयोग काय, असं लोक विचारतात. 1989 साली लोमा प्रिएटाचा भूकंप झाला, वॉटसनव्हिल गावाकडे जाणारे रस्ते तुटले, तेव्हा अन्न आणि औषधं लहान विमानांनी पोहोचवली होती. एरवीचा उपयोग म्हणजे शिक्षण. मोठ्या विमानांचे कप्तान आधी अशाच ठिकाणी उडायला शिकतात. विमानप्रेमींची एक संघटना 8 ते 17 वर्षांच्या मुलांना विमानातून फुकट फेरी मारून आणते. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना मीही त्याला नेलं. खाली उतरल्यावर दोन तास तो काही बोललाच नाही. आमच्याकडे हे कधीच घडलं नव्हतं.

पण माझी गोष्ट त्याच्या आधी सुरू होते. मुलगा 2010 चा. तो वर्षाचा झाला तेव्हा माझी आई कराडहून सहा महिन्यांसाठी आली. आम्ही दोघं नोकरीवर जायचो. परक्या देशात, गाडी येत नसलेल्या बाईने लहान मुलाला घेऊन जायचं कुठे? तिनेच तो विमानतळ शोधून काढला. संध्याकाळी बाबागाडी घेऊन निघायची, जाळीपाशी जाऊन उभी राहायची. पहिल्याच दिवशी मला फोन करून म्हणाली, "अगं, हे तर आपल्या वारुंजीसारखंच आहे की! फक्त इथे विमानं येतात."

मग तो नेमच झाला. नातू जाळीला धरून उभा राहायला शिकला. त्याचा पहिला शब्द 'आई' नाही, 'बाबा' नाही, 'मान' होता. म्हणजे विमान. आई पुढच्या वर्षी पुन्हा आली, तेव्हाही तेच. एका फोटोत ती नऊवारीवर स्वेटर घालून उभी आहे, कडेवर नातू, आणि मागे उड्डाणापूर्वी थांबलेलं लहान विमान. तो फोटो आमच्या दिवाणखान्यात दहा वर्षं होता.

विमान तिथे का थांबलेलं असतं, हे मला नंतर समजलं. उडण्याआधी वैमानिक धावपट्टीच्या टोकाशी थांबतो, इंजिन जोरात फिरवतो आणि सगळं ठीक चालतंय का ते तपासतो. लहान मुलांना तीच जागा सगळ्यात आवडते, कारण आवाज मोठा आणि विमान जवळ.

2021 च्या ऑगस्ट महिन्यात काउंटीने करवून घेतलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विमानतळाच्या दीड मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांच्या रक्ततपासण्यांच्या दहा वर्षांच्या नोंदी त्यांनी घेतल्या होत्या, 2011 ते 2020. सतरा हजारांहून जास्त नमुने. प्रश्न एकच होता, या मुलांच्या रक्तात शिसं किती? निष्कर्ष असे. जी मुलं विमानतळापासून अर्ध्या मैलाच्या आत राहतात, त्यांच्या रक्तात लांबच्या मुलांपेक्षा शिसं जास्त. जी वाऱ्याच्या वाटेवर, पूर्वेला राहतात, त्यांच्या रक्तात आणखी जास्त. विमानांची ये-जा वाढली की शिसं वाढतं. आणि 2020 च्या टाळेबंदीत विमानं कमी झाली, तेव्हा ते उतरलं.

मी ते दोनदा वाचलं. 2011 ते 2020, अर्धा मैल, पूर्वेला. आमचं ते भाड्याचं घर पूर्वेला होतं. पूर्वेला होतं म्हणूनच ते आम्हाला परवडलं होतं.

तुम्ही म्हणाल, पेट्रोलमधलं शिसं तर कधीच गेलं. मलाही तसंच वाटायचं. आपण शाळेत होतो तेव्हा दत्त चौकात बाबांच्या स्कूटरच्या धुरातून जे निघायचं त्यात शिसं होतं. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते 1996 पर्यंत पूर्ण थांबलं. शेवटचा देश अल्जीरिया, तिथे 2021 च्या जुलैत साठा संपला, आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं की गाड्यांच्या पेट्रोलमधलं शिसं जगातून हद्दपार झालं. म्हणजे ज्या महिन्यात आमच्या काउंटीचा अहवाल आला, त्याच महिन्यात. एकीकडे जग पेढे वाटत होतं आणि मी मुलाच्या जुन्या पत्त्यापासून धावपट्टी किती लांब, हे नकाशावर मोजत होते.

लहान विमानांचं इंधन गाड्यांपेक्षा वेगळं. त्याचं नाव 'हंड्रेड लो लेड', शंभर ऑक्टेनचं, कमी शिशाचं. सर, इथे मला तुमची पेन्सिल आठवली. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, आणि या 'कमी शिशाच्या' इंधनात एका लिटरला साधारण अर्धा ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं. कमी म्हणजे त्याच्याआधी जे होतं त्याच्यापेक्षा कमी, एवढाच अर्थ. या इंधनाला निळा रंग दिलेला असतो, ते ओळखू यावं म्हणून. इंधन ओळखू येतं, पण धुरातलं शिसं दिसत नाही.

ते घालतात कशाला? इंजिनाच्या नळकांड्यात इंधन ठिणगी पडल्यावर पेटायला हवं. ते आधीच, नको तिथे पेटलं तर इंजिन ठोकल्यासारखा आवाज करतं आणि खराब होतं. 1921 मध्ये थॉमस मिजली या अभियंत्याला सापडलं की टेट्राएथिल लेड नावाचं द्रव्य थोडंसं मिसळलं की हे ठोकणं थांबतं. स्वस्तात मस्त इलाज. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. मिजलीला स्वतःला शिशाची बाधा झाली, आणि 1924 साली न्यू जर्सीच्या एका कारखान्यात हे द्रव्य बनवताना पाच कामगार दगावले. तरीही ते पुढची कित्येक दशकं जगभर जाळलं गेलं.

माझ्या धंद्यात एक अलिखित नियम आहे, 'चालतंय ना, मग हात लावू नका'. कुणीतरी तीस वर्षांपूर्वी लिहिलेला तुकडा असतो, त्यावर सगळं उभं असतं, आणि तो काढला तर काय कोसळेल या भीतीने जो तो त्याला वळसा घालून जातो. विमानाच्या इंधनात नेमकं हेच झालं होतं. मी अशा तुकड्यांना वळसे घालून पगार घेतलाय, म्हणून कुणाला नावं ठेवायचा मला हक्क नाही.

आम्ही मुलाची तपासणी केली. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता. आकडा अगदी कमी आला. मला हायसं वाटलं, ते डॉक्टरांच्या पुढच्या वाक्यापर्यंत. रक्तातलं शिसं महिना-दीड महिन्यात निम्मं होतं. काही शरीराबाहेर जातं, काही हाडांत जाऊन बसतं. म्हणजे आजच्या तपासणीवरून तो दीड वर्षाचा असताना काय होतं, हे कळणार नाही. आणि शिसं मेंदूला सगळ्यात जास्त इजा करतं ते त्याच वयात. किती शिसं सुरक्षित, याचं उत्तर तज्ज्ञ एकच देतात, मुलांसाठी अशी कोणतीही पातळी नाही.

मग तो लहान असताना तपासणी झाली नव्हती का? नव्हती. तेव्हाच्या दवाखान्यात मला एक फॉर्म दिला होता. घर 1978 च्या आधीचं आहे का? रंगाचे पोपडे निघतात का? कारण त्याआधीच्या घरांच्या रंगात शिसं असायचं. आमची इमारत नवी होती. मी दोन्हींपुढे 'नाही' लिहिलं. जवळ विमानतळ आहे का, असा प्रश्न त्या फॉर्ममध्ये नव्हता. विचारला असता तर मी आनंदाने लिहिलं असतं, हो, आजी रोज नेते.

एक गोष्ट नीट सांगते, नाहीतर इथून उगीच घबराट जाईल. त्या अभ्यासातला सरासरी फरक एका मायक्रोग्रॅमपेक्षा लहान होता. माझा मुलगा छान आहे, गणितात माझ्यापेक्षा बरा आहे. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, ना चांगलं ना वाईट. पण हजारो मुलांच्या सरासरीत जेव्हा फरक दिसतो, तेव्हा त्यातल्या कुणाच्यातरी वाट्याचं काहीतरी कमी झालेलं असतं. आणि ते कोण, हे कधीच कळत नाही. त्या भागात मुख्यतः मेक्सिकन आणि व्हिएतनामी कष्टकरी कुटुंबं राहतात. विमानाचे मालक बहुतेक दुसरीकडे राहतात. आम्ही चार वर्षांनी घर बदलून निघून गेलो. त्यांच्यापैकी पुष्कळांना ते जमलं नाही.

ऑगस्टमध्येच काउंटीच्या मंडळाची बैठक झाली. शिसंयुक्त इंधनाची विक्री थांबवायची का, हा विषय. मी घरून ऑनलाइन ऐकत होते. आया बोलल्या, डॉक्टर बोलले, वैमानिक बोलले. मी बोलण्यासाठी हात वर केला आणि माझा नंबर यायच्या आत खाली घेतला. मला कळेना, मी कुणाच्या बाजूने बोलू? त्या जाळीपाशी माझ्या मुलाचं बालपण गेलं होतं. तो विमानतळ मला हवा होता, आणि त्याच विमानतळाचा मला राग आला होता. वादविवाद स्पर्धेत ढाल आणलेली आपली शाळेची मुलगी, तिला एक मिनिट बोलता आलं नाही.

मंडळाने ठराव केला, आणि 1 जानेवारी 2022 पासून काउंटीच्या दोन्ही विमानतळांवर शिसंयुक्त इंधनाची विक्री बंद झाली. त्याऐवजी 94 ऑक्टेनचं बिनशिशाचं इंधन आलं.

इथे टाळ्या वाजवून मी खाली बसले असते तर गोष्ट सोपी झाली असती. पण एका उड्डाण-शिक्षकाशी माझं बोलणं झालं. तो म्हणाला, 94 ऑक्टेन बऱ्याच लहान विमानांना चालतं, पण जोरकस इंजिनांना शंभरच लागतं. अशी विमानं संख्येने एक तृतीयांशाच्या आसपास, पण देशातलं बहुतांश इंधन तीच पितात. त्यांनी काय करायचं? दुसरीकडून तेच निळं इंधन भरून आणायचं. म्हणजे धूर इथेच, फक्त पंप लांब. आणि कुणी चुकून कमी ऑक्टेनचं भरलं, इंजिन वर गेल्यावर बंद पडलं, तर खाली कोण आहे? तीच घरं, तीच मुलं. त्याचं म्हणणं मला खोडून काढता आलं नाही. केंद्रीय हवाई वाहतूक प्रशासनानेही काउंटीची चौकशी सुरू केली. विमानतळासाठी केंद्राचं अनुदान घेतलं की वीस वर्षं अटी पाळाव्या लागतात. काउंटीने शेवटचं अनुदान 2011 मध्ये घेतलेलं, म्हणजे 2031 पर्यंत विमानतळ चालू ठेवणं बंधनकारक.

पण त्या ठरावाने एक गोष्ट नक्की झाली. वर्षानुवर्षं 'होईल कधीतरी' म्हणून पडून असलेलं काम हललं. सप्टेंबर 2022 मध्ये शंभर ऑक्टेनच्या एका बिनशिशाच्या इंधनाला केंद्राने सर्व पेट्रोल इंजिनांच्या विमानांसाठी मान्यता दिली. ऑक्टोबर 2023 मध्ये पर्यावरण संस्थेने अधिकृतपणे म्हटलं की या विमानांतून निघणारं शिसं आरोग्याला घातक हवाप्रदूषणाला हातभार लावतं. 2024 च्या अखेरीस ते नवं इंधन रीड-हिलव्ह्यूच्या पंपावर विकायला आलं. त्यानेही सगळं मिटलं नाही. विमानाचा रंग आणि टाक्यांचं सील खराब होतं अशा तक्रारी आल्या, वाद चालू आहे. दरम्यान कॅलिफोर्नियाने कायदा केला, 2031 पासून राज्यात शिसंयुक्त विमान-इंधन विकता येणार नाही. 

काउंटीतले काही लोक म्हणतात, 2031 नंतर विमानतळच बंद करा, त्या जागेवर घरं बांधा. मला विचाराल तर मला तो हवा आहे. पूर्व सॅन होजेच्या पोराला घराजवळ विमान शिकता येतं, ही लहान गोष्ट नाही. पण तो शिशाशिवाय हवा आहे. आणि हे सांगायला यापुढे मी हात खाली घेणार नाही.

आता आईबद्दल सांगते. ती आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि तिला विचारूनच हे सांगते आहे. अहवाल आल्यावर मी भिंतीवरचा फोटो उतरवला आणि फोनवर तिला काही बोलले नाही. पाच महिने. मग इथे आले तेव्हा सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, मी तर त्याला हवा खायला न्यायचे."

एवढंच. मला त्यावर अजून उत्तर सापडलेलं नाही. तिने काही चुकीचं केलं नव्हतं. वैमानिकानेही नाही. पंपावरच्या मुलानेही नाही. सगळे नियमाप्रमाणे वागत होते. विंडसॉक रोज फडकत होता, सगळे त्याच्याकडे बघत होते, पण वारा कुठून येतो एवढंच बघत होते. त्याचं शेपूट कुणाच्या घराकडे आहे, हे बघायचं कुणाचंच काम नव्हतं.

हे मी इथे, कराडमध्ये का सांगते? आपल्याकडेही वैमानिक प्रशिक्षणाची लहान विमानं बहुतेक याच निळ्या इंधनावर उडतात. पूर्वी ते आयात व्हायचं. सप्टेंबर 2022 मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या कारखान्यात बनवलेलं इंधन बाजारात आणलं. तिकडे बिनशिशाच्या इंधनाला मान्यता मिळाली तो हाच महिना. आपल्या विमानतळाच्या विस्ताराची चर्चाही वर्षानुवर्षं चालू आहे. मला विमानं हवी आहेत. वारुंजीच्या जाळीपाशी उभ्या राहणाऱ्या पोरांना ती दिसावीत, अशी माझी फार इच्छा आहे. फक्त ज्यांची जमीन जाते आणि ज्यांच्या घरावरून वारा जातो, त्यांना आधी विचारलं जावं, आणि पंपात काय आहे ते कुणीतरी बघावं. आपल्या वर्गात आज डॉक्टर आहेत, वकील आहेत, दोन नगरसेवक आहेत, शिक्षक तर पुष्कळ आहेत. हा प्रश्न विचारायला आपण पुरेसे आहोत.

सर, तुम्ही तीस वर्षांपूर्वी एका पेन्सिलीवरून सांगितलंत, नावावर जाऊ नका, आत काय आहे ते बघा. आपण वहीत उतरवून घेतलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले. त्यापुढे ते वाक्य वापरायचं राहून गेलं. आज ते तुमच्यासमोर पुन्हा पाठ म्हणून दाखवते, एवढंच.

तो फोटो मी परत भिंतीवर लावला आहे. आईने सांगितलं म्हणून. ती म्हणाली, "त्यात पोरगं हसतंय, ते कशाला काढतेस?"